कुठून आली, कुठे गेली

बापूराव कदमांचा आवाज असा खणखणीत की स्वारगेटच्या डेपोत माईक बिघडला तरी कुणाची गाडी चुकत नसे. ते निवृत्त झाले त्या दिवशी सांगली गाडीचा ड्रायव्हर म्हणे फलाटावर थांबूनच राहिला. बापूरावांनी निघायला सांगितलं नाही, तर निघायचं कसं? ही गोष्ट बापूराव स्वतःच सांगत, आणि दर वेळी गाडी थोडी जास्त थांबे. सुरुवातीला दहा मिनिटं होती. मागच्या दिवाळीपर्यंत ती पावणेतीन तास उभी होती, आणि आत एका बाईचं बाळंतपणही सुखरूप उरकलं होतं.

बत्तीस वर्षं त्यांनी घोषणा केल्या. कुठून आलेली, कोणत्या मार्गे, कुठे जाणारी, कितव्या फलाटावर. यातलं एक जरी गाळलं तरी माणूस भलत्या गाडीत बसतो, हे त्यांचं शास्त्र. माणूस हरवू द्यायचा नसेल तर त्याचं सगळं मोठ्यानं सांगून टाकावं.

माईक सुटला तेव्हा त्यांनी फळा धरला. बिबवेवाडीतल्या ‘सुखछाया’ सोसायटीच्या फाटकाशी एक काळा फळा होता, वर पिवळ्या रंगात सोसायटीचं नाव आणि पत्ता. पूर्वी त्यावर फक्त पाणी न येण्याच्या वेळा असत. बापूरावांनी त्याला साहित्याची गोडी लावली. ‘टाकी धुतली आहे. पाणी स्वच्छ असल्याने ओळखू येणार नाही, तरी वापरावे.’ ‘गॅलरीतून खाली थुंकणाऱ्यांनी एकदा खाली उभे राहून वर बघावे.’ लोक थांबून वाचत आणि हसत. बापूराव दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ते हसणं मोजत.

“तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही,” इंदुबाई म्हणत. “म्हणून देवानं खडू दिलाय हातात.”

दीपमाला त्यांच्या घराच्या नेमक्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. तिशीची, केस कानापर्यंत कापलेले, खराडीला कुठल्याशा कंपनीत कामाला. सकाळी आठला स्कूटर काढायची, संध्याकाळी परत. गणपतीत सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा हिच्याच हातात. त्यामुळे एकाही फोटोत ती नव्हती.

ओळख झाली ती बापूरावांच्या गुडघ्यामुळे. गुडघा दुखतो हे त्यांनी फक्त इंदुबाईंना सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवसापासून फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. पाठोपाठ कर्ज देणाऱ्यांचे फोन. एका पोरीनं तर विचारलं, “सर, गुडघ्याच्या ऑपरेशनला लोन हवंय का?”

“हिला कुणी सांगितलं?” बापूराव इंदुबाईंवर खेकसले. “आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणे!”

दीपमालानं फोन हातात घेऊन पाहिला. “आजोबा, फोनमध्ये ही विजेरी कधी टाकली?”

“नातवानं टाकून दिली. वीज गेली की लागते.”

“विजेरीला तुमच्या फोनमधली सगळी नावं, नंबर कशाला पाहिजेत? माईक कशाला पाहिजे?”

बापूरावांनी विजेरी एकदा लावून पाहिली, एकदा विझवून पाहिली.

दोन रविवार खपून तिनं फोन झाडून काढला. जुनं उचकटून त्या जागी नवं बसवलं: नकाशा, कीबोर्ड, निरोप पाठवायचं, आणि पासवर्ड ठेवायची एक तिजोरी. सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर बापूरावांचा संशय बळावला.

“हे मुक्त सॉफ्टवेअर आहे,” ती म्हणाली. “कुणी काय लिहिलंय ते सगळं उघडं. जगात कुणालाही आत डोकावता येतं. लबाडी केली तर कुणी ना कुणी पकडतं.”

“म्हणजे भटारखाना उघडा ठेवलेली खानावळ. जा आत, बघा पातेल्यात.”

“बरोबर.”

“मग उघडं असेल ते सुरक्षित, आणि झाकलेलं असेल ते धोक्याचं. हे तर मी बत्तीस वर्षं सांगतोय!”

ती हसली. “सॉफ्टवेअर उघडं असावं आजोबा. माणूस नाही.”

बापूरावांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं पाठ केलं.

तिची खरी हकिकत कळली ती एका संध्याकाळी, इंदुबाईंच्या थालीपिठावर. दीपमाला मूळची हिंगणघाटची. लग्नही तिथलंच. नवऱ्याचं नाव सूरज. त्यानं तिच्या फोनमध्ये तिच्या नकळत काहीतरी घालून ठेवलं होतं. रात्री जेवताना तो सहज विचारायचा, आज साडेअकराला बँकेच्या मागच्या गल्लीत काय काम होतं? मैत्रिणीला काय लिहिलंस, ते पुन्हा वाचून दाखव. एकदा तिनं फोन बंद ठेवला, तर त्यानं दारात तिचा हात चेचला. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकत नाही.

“मग सुटलीस कशी?” इंदुबाईंनी विचारलं.

“फोन चालू ठेवला, आणि चंद्रपूरच्या गाडीत मागच्या सीटखाली ठेवून दिला. तो चंद्रपूरकडे धावला. मी पुण्याच्या गाडीत बसली.”

तिचं थालीपीठ गार झालं. मग ती म्हणाली, “तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं. इथं येऊन शिकली. तो अजून शोधून राहिला आहे. आजी, आजोबा, हे कुणाला सांगू नका.”

बापूरावांनी पानावरच्या अन्नाला हात लावून शपथ घेतली.

आणि पाळलीही. ती पाळणं काय होतं, हे ज्याला गोष्टी सांगायची खोड आहे त्यालाच कळेल. रोज संध्याकाळी डेपोच्या मागच्या चहाच्या टपरीवर जुने कंडक्टर-ड्रायव्हर जमत. त्यांच्यापुढे बापूरावांनी बिनड्रायव्हरची एसटी कात्रजचा घाट उतरवलेली होती, वाघाला अर्धं तिकीट फाडलेलं होतं. आणि आता, आयुष्यात ऐकलेली सगळ्यात भारी गोष्ट, नुसता फोन घेऊन निघालेली ती चंद्रपूर गाडी आणि तिच्यामागे धावणारा नवरा, शंभर टक्के खरी गोष्ट, ओठांवर आली की ते गरम चहाचा घोट घ्यायचे. आठ महिन्यांत जीभ तीनदा सोलली. पण अक्षर बाहेर पडलं नाही.

फोनच्या बाबतीत तर ते सोवळ्यातच होते. तिचा नंबर नुसत्या ‘द’वर ठेवला होता. तिचं नाव कुठल्या निरोपात लिहायचं नाही, फोटो पाठवायचा नाही. धोका कुठे राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. धोका फोनमध्ये राहतो.

एव्हाना सोसायटीतले सगळे म्हातारे आपापले फोन घेऊन तिच्या दारात जमू लागले होते. आप्पासाहेब देशमुख म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, तेसुद्धा सकाळी सातला दार वाजवायला लागले. पोरीची रविवारची झोप जायला लागली. तिला वेळ नेमून द्यावी, आणि जरा गौरवही व्हावा, म्हणून त्या रविवारी बापूरावांनी फळा स्वच्छ पुसला, खडूला टोक केलं आणि लिहिलं:

‘ज्यांचे फोन मालकापेक्षा जास्त बोलतात, त्यांनी ते इलाजासाठी आणावेत. हिंगणघाटहून खराडीमार्गे सुखछायेत आलेल्या कु. दीपमाला झाडे, तिसरा मजला, रविवारी दहा ते अकरा. इलाज फुकट. आपले गुपित आपण सांभाळावे, दुसऱ्याच्या दारावर सातला थापा मारू नयेत.’

‘कु.’ हे त्यांनी मुद्दाम लिहिलं. तेवढीच खबरदारी. बाकी कुठून, कोणत्या मार्गे, कितव्या मजल्यावर, हे लिहिताना त्यांनी विचार केलाच नाही. हात बत्तीस वर्षांच्या सवयीनं चालला.

दीपमाला त्या दिवशी घरी नव्हती. कंपनीच्या कामासाठी शनिवारपासून तिकडेच होती. सोमवारी पहाटे आली ती मागच्या फाटकानं, आणि आठला तिथूनच स्कूटर काढून गेली. स्कूटरमुळे तिचं रोजचं येणं-जाणं मागूनच, त्यामुळे फळा तिला दिसलाच नाही. त्याच सोमवारी तळमजल्यावरच्या अभिनवनं जाता जाता फळ्याचा फोटो काढला आणि पुण्यातल्या मजेशीर पाट्या जमवणाऱ्या एका पानावर टाकला. पोरगा वाईट नव्हता. त्याला खरंच हसू आलं होतं.

बुधवारी खराडीत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मुलीनं आपला फोन दीपमालापुढे धरला. “अगं, ही तूच का? सो फनी यार!”

ती दुपारीच घरी आली. बापूराव खिडकीत बसून हसणारे मोजत होते; बुधवारीही अकरा जण हसून गेले होते. ती दारात उभी राहिली. ओरडली नाही.

“काहून लिहिलं, आजोबा?”

थालीपिठाची ती संध्याकाळ सोडली तर इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी पुण्याचं, पुस्तकातलं बोलत आली होती. हा ‘काहून’ थेट हिंगणघाटचा होता.

“अगं, मी फोनवर एक अक्षर टाकलं नाही!” बापूराव म्हणाले. “फळ्यावर लिहिलं. फळा काय कुठे जातोय?”

तिनं फोटो दाखवला. खाली तो किती जणांनी पाहिला त्याचा आकडा होता. एवढी माणसं स्वारगेटला दिवाळीतसुद्धा नसत.

बापूराव खाली धावले. गुडघ्याची आठवणही झाली नाही. बाहीनं फळा पुसला, पाणी ओतलं, परत पुसला. मग अभिनवचं दार वाजवलं.

“सॉरी काका, मी लगेच डिलीट करतो,” अभिनव घाबरून म्हणाला. त्यानं काढलंही. “पण लोकांनी आधीच फॉरवर्ड केलंय. स्क्रीनशॉट काढलेत. ते माझ्या हातात नाही.”

“मग कुणाच्या हातात आहे?”

अभिनवनं फोन खिशात घातला.

बापूरावांना वाटलं, माणसांना नीट सांगितलं तर माणसं ऐकतात. गर्दीला रांगेत लावलेला माणूस तो. त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात एक निरोप रेकॉर्ड केला: सुखछायेच्या फळ्याचा फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया ताबडतोब पुसून टाकावा, एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. सोसायटीच्या गटावर टाकला, जुन्या एसटीवाल्यांच्या गटावर टाकला, नातेवाइकांच्या तिन्ही गटांवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो निरोप त्यांनाच चार वेगवेगळ्या लोकांकडून परत आला. सोबत फोटो. खाली लिहिलेलं, ‘कोण ही मुलगी? काय भानगड आहे?’

गुरुवारी ते वर गेले तेव्हा दीपमाला पुस्तकं खोक्यात भरत होती.

“कायदा असेल ना काहीतरी?” बापूराव उंबऱ्याशीच उभे राहिले. “आपलं नाव आपलं. ते काढा म्हणायचा हक्क नाही?”

“आहे. अर्ज करता येतो. कालच केला.” तिनं खोक्याला चिकटपट्टी लावली. “त्याचं उत्तर यायला दिवस लागतात. सूरजला यायला एक रात्र लागते.”

“हिंगणघाटात कोण वाचतंय पुण्याच्या पाट्या!”

तिनं पुढचं खोकं ओढलं. चिकटपट्टी दातानं तोडली.

शनिवारी सकाळी नऊला फाटकाशी एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा खोका, चेहऱ्यावर रात्रीच्या प्रवासाची सूज. वाकून नमस्कार केला.

“काका, दीपमाला झाडे इथंच राहतात ना?”

बापूरावांनी वर पाहिलं नाही. वर इंदुबाई होत्या, त्यांच्यावर दीपमाला होती, आणि आपला आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो मुद्दाम चढवला.

“झाडेबाई? त्यांना भेटायला आलात? अहो, उशीर केलात! अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जन्मभर लग्न नाही केलं, शाळेत गणित शिकवायच्या. पानशेतच्या पुराच्या साली लहान असताना आल्या हिंगणघाटहून, तेव्हा एका पिंपावर बसून लकडी पुलाखालून वाहत गेल्या होत्या. रेडिओ उघडून परत जोडायच्या; म्हातारपणी तोच नाद फोनचा लागला. ऐकू शून्य. परवाच भाची येऊन भोपाळला घेऊन गेली. खोली रिकामी. भोपाळचा पत्ता? छे, भाची फार तुसडी होती हो.”

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी लागल्याचा आवाज आला. मग तिसऱ्या मजल्यावरची. बापूराव बोलतच राहिले. पिंप, पूर, भाचीचा नवरा, त्याची दोन लग्नं. उभ्या आयुष्यात एवढं सुरेख खोटं ते बोलले नव्हते, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा हसतोय का हे ते मोजत नव्हते.

सूरजनं सगळं शांतपणे ऐकलं. कुठे हसला नाही, कुठे अडवलं नाही. शेवटी खोका पुढे केला.

“मंग ही बर्फी त्या म्हातारीले पाठवा भोपाळले. तिले लय आवडते.”

जाताना त्यानं फाटकाचा एक फोटो काढला, स्कूटरींच्या रांगेचा एक, आणि एक बापूरावांचा.

“गेला!” बापूराव धापा टाकत वर आले. “भोपाळला पाठवला त्याला! तुझी चंद्रपूरची गाडी, तशी माझी भोपाळची!”

दीपमालानं त्यांना पाणी दिलं. “तो मला न्यायला नव्हता आला, आजोबा. दार बघायला आला होता. आता चार माणसं घेऊन येईल.”

पाणी पितानाच बापूरावांना ते कळलं. ग्लास खाली ठेवायला जागा सापडेना.

दुपारी दोनला तिनं सामान बांधून संपवलं. दोन बॅगा. खोकी अभिनव नंतर कुणाला तरी देणार होता. कुणाला, ते त्यालाही ऐनवेळी कळणार होतं. स्कूटर तशीच ठेवली. ऑफिसला तिनं काय कळवलं, ते ती बोलली नाही. इंदुबाईंनी डब्यात पोळ्या दिल्या आणि तिच्या न वाकणाऱ्या करंगळीवरून हात फिरवत बसल्या.

“फोन द्या आजोबा,” ती म्हणाली.

बापूरावांनी दिला. तिनं त्यातला ‘द’ काढला. मागचे सगळे निरोप काढले. फोनच्या इलाजाच्या वेळी कागदावर लिहून दिलेली तिच्या अक्षरातली एक यादी होती, तीही फाडली.

“एक नंबर तरी राहू दे,” बापूराव म्हणाले. “नवीन. मी कुठे लिहिणार नाही. पाठ करीन. मला सातारा विभागाचं पूर्ण वेळापत्रक पाठ आहे अजून.”

“नाही आजोबा.”

“मी कुणाला सांगीन असं वाटतं तुला? आठ महिने—”

“तुम्ही सांगणार नाही, मला माहीत आहे.” तिनं फोन त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. “पण तुमच्याकडून निघून जाईल.”

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. गुडघा दुखतो म्हणावं, तसं म्हणाली.

बॅगा घेऊन ते तिच्याबरोबर मुख्य रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा दिसताच त्यांनी हात केला, आणि तोंडातून निघून गेलं, “ए, स्वारगेट!”

“मी सांगते त्यांना,” दीपमाला म्हणाली.

रिक्षा थांबली. बॅगा आत गेल्या. तिनं वाकून नमस्कार केला. बापूरावांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायचं विसरले. तिनंच हळूच काढला. ती रिक्षात बसली, पण रिक्षावाल्याला काही बोलेना. त्यांच्याकडे बघत राहिली. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, “ताई, कुठं?”

ती थांबलेलीच.

मग बापूरावांच्या लक्षात आलं की ती त्यांच्या जाण्याची वाट बघतेय. ते वळले. दहा पावलं चालले, मग आणखी दहा. मागून इंजिनाचा आवाज चढला तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले. डावीकडे गेली की उजवीकडे, तेही कळू नये म्हणून भाजीच्या गाडीवरच्या वांग्यांकडे बघत राहिले.

“काय देऊ काका?” भाजीवाली म्हणाली.

त्यांनी पाव किलो वांगी घेतली. घरात कुणालाच वांगी आवडत नव्हती.

सूरज परत आला तो बाराव्या दिवशी. खरंच चार माणसं होती, मोटारीतून. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी रिकामी खोली पाहिली, मोरी पाहिली, माळा पाहिला. आप्पासाहेबांनी पोलिसांना फोन करायची भाषा केली तसे बाकीचे मोटारीत जाऊन बसले. सूरज तेवढा जिन्यातून खाली येऊन पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकावर टेकला. दाढी वाढलेली होती. बापूराव त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले होते.

“कुठं गेली?”

“माहीत नाही.”

“काका, त्या दिवशी तुम्ही अर्धा तास खोटं बोलले. आता एका शब्दात आवरता?”

“त्या दिवशी माहीत होतं,” बापूराव म्हणाले. “म्हणून बोललो.”

सूरज त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पूर, पिंप, भाची, तुसडी भाची, यातलं काहीतरी येईल म्हणून थांबला. काही आलं नाही. बापूरावांच्या मनात आलं, साऱ्या पुण्यात ती पोरगी कुठे आहे हे कळावं म्हणून जीव टांगणीला लागलेली माणसं दोनच असतील, आणि दोघं एकाच बाकावर बसली आहेत. त्यांना त्या माणसाची किळस आली, आणि मग आपली.

“कोणत्या गाडीनं गेली, हे तरी पाहिलं असन.”

“नाही पाहिलं. पाठ फिरवली होती.”

“काहून?”

बापूरावांनी दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले, त्या दिवशी रस्त्यावर धरले होते तसे. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

सूरजनं ते पाहिलं. बाकावर मूठ आपटली, शिवी दिली, उठला. मोटारीचं दार जोरात लागलं. मोटार फाटकातून बाहेर पडून वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बापूराव तिच्याकडे बघत होते.

वरून इंदुबाईंनी खिडकी उघडली. “गेला का हो?”

“गेला.”

“काय सांगितलंत त्याला?”

“खरं सांगितलं.”

“आणि पटलं त्याला?”

“पटलं,” बापूराव म्हणाले.

इंदुबाई खिडकीतच उभ्या राहिल्या. खाली उतरून याव्यात असं बापूरावांना वाटलं, पण हाक न मारता त्यांनी बाकाचं रिकामं टोक बाहीनं पुसून ठेवलं.